पात्रांच्या खिशात किती पैसे आहेत? हल्ली वाचलेलं आणि पाहिलेलं

हल्ली वाचन आणि सिनेमे दोन्ही जोरात चालू आहे आणि त्यातलं जे मनात राहिलं त्याबद्दल एकदा सविस्तर लिहावं असं वाटत होतं. कादंबऱ्या तिन्ही जुन्या, उद्धव शेळक्यांची 'धग', रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' आणि व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', ही शेवटची परत वाचली. सिनेमे त्यामानाने नवे, 'स्थळ', 'साबर बोंडं', 'कोर्ट' आणि 'द डिसायपल'. हे सगळं एकापाठोपाठ झाल्यावर जाणवलं की या सगळ्यांत एक गोष्ट आहे जी मला हल्लीच्या बहुतेक मालिकांत, वेबसिरीजमध्ये आणि बऱ्याच गाजलेल्या सिनेमांतसुद्धा सापडत नाही, ती म्हणजे पैसा. श्रीमंती दाखवतात तो पैसा नाही म्हणत मी. पात्राच्या खिशात आत्ता किती आहेत, ते कुठून आले, उद्या कुठून येणार आणि नाही आले तर काय करायचं, हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत असणं. टीव्हीवर सकाळी सात वाजता भरजरी साडी नेसून चहा करणाऱ्या घरात कोण काय कमावतं हे वर्षभर बघूनही कळत नाही आणि मग त्या घरातली भांडणं, रडणं, लग्नं, सगळंच खोटं वाटायला लागतं, कारण माणूस निर्णय घेतो तो निम्मा तरी खिशाकडे बघून घेतो ना.

धगपासून सुरू करतो कारण तिने सगळ्यात जास्त हलवलं. 1960 ची कादंबरी. नाव शाळेत असल्यापासून ऐकलेलं, वऱ्हाडी कादंबरी म्हणून प्रसिद्ध, पण वाचायची राहूनच गेली होती. कौतिक नावाची बाई, नवरा महादेव, शिंप्याचं घर, विदर्भातलं खेडं. सासरी एकत्र कुटुंबात आपला आणि पोरांचा निभाव लागणार नाही हे कौतिकला कळतं आणि ती नवऱ्याला घेऊन वेगळं बिऱ्हाड थाटायचं ठरवते, आपल्या हिमतीवर उभं राहायचं, पोरांना शिकवायचं. महादेव वाईट माणूस नाहीये, पण त्याच्यात ती धमकच नाही, आणि मग सगळा भार हिच्यावर येत जातो, पुढे त्याला महारोग होतो आणि मग तर काही विचारूच नका.

ही गोष्ट अशी चार ओळींत सांगितली तर वाटतं की दुःखाचा डोंगर रचलाय, रडवायला लिहिलीय. अजिबात तसं नाहीये. शेळके कौतिकबद्दल एकदाही कळवळून बोलत नाहीत. ते फक्त रोजचा हिशोब मांडत जातात. आज घरात काय आहे, कुणाकडून उसनं आणलं, ते परत कसं करायचं, कोण मजुरीला गेलं, कुणाला किती मिळाले, आणि त्या मिळालेल्यातून कुठलं एक काम होईल आणि कुठलं राहील. आपण वाचताना नकळत तो हिशोब तिच्याबरोबर करायला लागतो. म्हणजे एखादा पाहुणा घरी आला की मला वाचताना टेन्शन यायचं की आता याला जेवायला काय घालणार ही बाई! लेखकाने कुठेही "ती अतिशय गरीब होती" असं न लिहिता हे जमवलंय, याला मी फार मोठी गोष्ट मानतो.

भाषेबद्दल लोक घाबरवतात, मलाही घाबरवलं होतं. माझं बालपण पश्चिम महाराष्ट्रातलं, वऱ्हाडी कानावर फारशी पडलेली नाही, त्यामुळे सुरुवातीची पानं अडखळत गेली हे खरं आहे. मग एक-दोन संवाद मोठ्याने वाचून बघितले आणि गाडी जी सुरू झाली ती थांबली नाही. डोळ्यांना अवघड वाटणारं वाक्य तोंडाने म्हटलं की एकदम कळतं. आणि कळल्यावर लक्षात येतं की या बाईचा ताठा, तिचं टोमणे मारणं, नवऱ्यावर चिडणं आणि लगेच त्याची काळजी करणं हे पुण्यामुंबईच्या मराठीत लिहिताच आलं नसतं. कौतिक सोशिक बिशिक नाहीये, ती भांडकुदळ म्हणता येईल इतकी भांडते, आणि तरीही शेवटाकडे जाताना तिचं जे होतं ते वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ काहीच केलं नाही. शेवट सांगत नाही, वाचाच. एकच त्रुटी सांगायची तर मधल्या भागात संकटांची रांग इतकी लागोपाठ लागते की पुढचं संकट कुठून येणार हे आधी कळायला लागतं, आणि धाकट्या मंडळींना अजून थोडी जागा मिळायला हवी होती. पण हे मी जेवण झाल्यावर मीठ कमी होतं म्हणावं तसं म्हणतोय.

धगनंतर मुद्दाम पाचोळा घेतली कारण तिथेही शिंप्याचंच घर आहे हे माहीत होतं. 1971 ची. बोराडे सर 2025 च्या फेब्रुवारीत गेले, तेव्हा त्यांच्याबद्दल बरंच लिहून आलं आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक लेखात या पुस्तकाचं नाव होतं. गंगाराम शिंपी आणि त्याची बायको पारबती, आणि अख्खी कादंबरी पारबतीच सांगते, मराठवाड्याच्या बोलीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. धगमध्ये लेखक बाहेर उभा राहून सांगतो, इथे बाई स्वतः समोर बसून सांगतेय, त्यामुळे पुस्तक लहान असूनही जास्त जवळून अंगावर येतं. गंगाराम ताठ माणूस आहे, कुणापुढे वाकणार नाही, आणि गावात बलुतं म्हणून ज्यांचं पोट चाललंय त्यांना ताठ राहणं परवडत नाही, बस, एवढीच गोष्ट. काळ बदलतोय, कपडे शिवायची तऱ्हा बदलतेय, गिऱ्हाईक बदलतंय आणि हा माणूस आहे तिथेच उभा आहे. पारबतीला सगळं दिसतंय, तिला दोन्ही बाजू कळतात, नवऱ्याचा स्वाभिमानही कळतो आणि चुलीत काही नाही हेही कळतं. तिची ती मधल्यामध्ये होणारी ओढाताण बोराड्यांनी जी पकडलीय ती केवळ थोर आहे. धग आणि पाचोळा लागोपाठ वाचा असं मी आग्रहाने सांगेन, त्या एकमेकींशी बोलतात. एकीत नवऱ्यात धमक नाही म्हणून घर बसतं, दुसरीत नवऱ्यात नको तेवढी धमक आहे म्हणून घर बसतं, आणि दोन्हीकडे सगळा हिशोब बाईच्या डोक्यात चालू आहे.

बनगरवाडी सगळ्यांनी वाचलेली असते, निदान एखादा उतारा तरी अभ्यासात येऊन गेलेला असतो, आणि त्यामुळेच ती नीट वाचली जात नाही असं माझं ठाम मत झालंय. लहानपणी वाचली तेव्हा लक्षात राहिलं ते म्हणजे मेंढरं, माळ, तरुण मास्तर आणि प्रेमळ कारभारी. आता वाचताना लक्षात आलं की ही किती कठोर कादंबरी आहे. 1955 साली आलेली, औंध संस्थानातली माणदेशातली धनगरांची वाडी, आणि तिथे शाळा चालवायला आलेला राजाराम विठ्ठल सौंदणीकर. पोरं शाळेत येत नाहीत, का? कारण ती मेंढरामागे गेलीत, आणि मेंढरामागे गेली नाहीत तर खायचं काय? मास्तर हे समजून घेतो, भाषणं देत नाही, हळूहळू गावाचा होत जातो. शेकूच्या बायकोचा तो प्रसंग आठवतोय का, जिथे बैलाच्या जागी ती स्वतः जुवाला खांदा देते? लहानपणी तो प्रसंग मला शौर्याचा वाटला होता. आता वाचताना नुसता हिशोब दिसला, एक बैल आहे, दुसरा घ्यायला पैसे नाहीत, पाऊस पडून गेलाय, वाफसा थांबणार नाही. माडगूळकर हे सांगताना आवाज जराही चढवत नाहीत. आनंदा रामोशीचंही तसंच, चोरी करतो हे तो लपवत नाही आणि आपल्याला त्याचा रागही येत नाही, कारण त्याच्याकडे दुसरं काय आहे हे लेखकाने आधीच दाखवलेलं असतं.

आणि मग तालीम. सगळं गाव मिळून तालीम बांधतं, कुणी पैसे देतं, ज्याच्याकडे पैसे नाहीत तो अंगमेहनत देतो, उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. कादंबरीतला सगळ्यात आनंदाचा भाग आणि तोसुद्धा वर्गणीवर उभा आहे. त्यानंतर दुष्काळ येतो, मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात आणि वाडी रिकामी होते. दीडशेच्या आसपास पानांत हे सगळं! हल्ली पाचशे पानी कादंबरीत एवढं होत नाही. वाडीतल्या अंजी या तरुण मुलीचं पात्र मात्र आजही अर्धवट वाटतं, तिच्याबद्दल अजून वाचायला आवडलं असतं, पण मास्तर जेवढं बघू शकतो तेवढंच लेखक सांगणार हे त्यांचं धोरण आहे आणि ते त्यांनी सोडलेलं नाही.

पुस्तक संपल्यावर अमोल पालेकरांचा 1995 चा सिनेमाही परत पाहिला. चंद्रकांत कुलकर्णी मास्तर आणि चंद्रकांत मांढरे कारभारी. मांढरेंसाठी बघाच, त्यांच्या चेहऱ्यावरच अख्खा माणदेश आहे. बाकी सिनेमा प्रामाणिक आहे, सुंदर दिसतो, पण पुस्तकात जी कोरड घशाला जाणवते ती पडद्यावर जाणवली नाही, माळ जरा जास्तच देखणा दिसतो.

आता सिनेमांकडे येतो. स्थळ. जयंत दिगंबर सोमलकरांचा, 2023 ला टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, तिथे आशियाई सिनेमांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि आपल्याकडे थिएटरला आला 2025 च्या मार्चमध्ये. किती लोकांनी बघितला कोण जाणे, मी गेलो तेव्हा थिएटरमध्ये बोटावर मोजण्याइतकी माणसं होती आणि मला फार वाईट वाटलं, कारण हा सिनेमा लग्नाच्या वयाची मुलगी असलेल्या प्रत्येक घराने बघायला हवा. विदर्भातलं डोंगरगाव, कापूस पिकवणारं शेतकरी कुटुंब, मुलगी सविता कॉलेजात शिकतेय, तिला अजून शिकायचंय, स्पर्धा परीक्षा द्यायचीय, आणि घरच्यांना तिचं लग्न उरकायचंय. नंदिनी चिकटे या मुलीने सविता केलीय आणि बहुतेक सगळे कलाकार त्याच भागातले, पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर उभे राहिलेले आहेत, आणि एकही माणूस नाटकी वाटत नाही.

सुरुवातच अशी आहे की सिनेमा काय करणार ते लगेच कळतं, बायका मुलगा बघायला आल्यात, मुलगा मान खाली घालून बसलाय आणि त्याला नाव, शिक्षण, उंची असले प्रश्न विचारले जातायत. थिएटरमध्ये हसू आलं सगळ्यांना. मग हाच कार्यक्रम खऱ्या रूपात, सविताला मधोमध बसवून, परत परत होतो, तेच पोहे, तेच प्रश्न, तसेच पुरुष ओळीने बसलेले, आणि दर वेळी हसू कमी कमी होत जातं. काही लोक म्हणतात की तोच सीन किती वेळा दाखवायचा, पण अहो तेच तर आहे, ती मुलगी तेवढ्या वेळा तिथे बसलीय! मला ती पुनरावृत्ती अजिबात खटकली नाही.

पण लोक ज्याबद्दल कमी बोलले ते म्हणजे बाप. दौलतराव वांढरे. हा माणूस मुलीचा शत्रू नाहीये. कापसाला भाव नाही, आज विकावा का थांबावं हे त्याला ठरवता येत नाही, कारण थांबायचं तर हातात पैसा पाहिजे आणि मुलीचं स्थळ जमलं तर हुंड्याचा आकडा त्याच कापसातून निघणार आहे. सिनेमात कापूस कोपऱ्यात पडून आहे आणि त्याच घरात मुलीचं वजन, रंग, उंची मोजली जातेय, ही दोन्ही दृश्यं सोमलकरांनी इतकी शेजारी ठेवलीत की वेगळं काही सांगायची गरज उरत नाही. हुंडा वाईट हे आपण सगळे शाळेपासून निबंधात लिहीत आलोय, पण हुंडा द्यावा लागणाऱ्या माणसाचा हंगाम कसा जातो हे मी पहिल्यांदा बघितलं. कमी पडलेली जागा सांगायची तर तिच्या कॉलेजातल्या सरांचा भाग. वर्गात स्त्रियांच्या प्रश्नांवर शिकवणारे सर आणि प्रत्यक्षातले सर यातला फरक दाखवायचा म्हणून तो आलाय, मुद्दा बरोबर आहे, पण सर माणूस म्हणून पुरेसे उभे राहिलेले नाहीत. शेवट मात्र जबरदस्त.

साबर बोंडं पाहिला तो 2025 च्या सप्टेंबरात थिएटरला आला तेव्हा. रोहन परशुराम कानवडेंचा पहिला मोठा सिनेमा, सनडान्स महोत्सवात जागतिक सिनेमा विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवून आलेला. वडील गेल्यावर मुंबईहून गावी दहा दिवसांसाठी आलेला आनंद आणि गावातला त्याचा लहानपणीचा मित्र बाळ्या, आणि त्या दोघांमधलं प्रेम. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा फारसा हलत नाही, चौकटीचे कोपरे जुन्या फोटोसारखे गोल केलेत. संथ आहे, हे आधीच सांगतो, घाईत असाल तर जाऊ नका. पण मला या सिनेमात सगळ्यात जास्त आवडली ती आनंदची आई, जयश्री जगतापांनी केलेली. तिला मुलाबद्दल ठाऊक आहे, ती त्याच्या बाजूने उभी आहे, आणि त्याबद्दल एकही मोठा संवाद नाही. नातेवाईक दहाव्या दिवसापर्यंत लग्नाचं टुमणं लावतायत आणि ती आपल्या परीने मुलावर येणारा मारा अडवतेय, हे बघताना मला माझ्या नात्यातल्या किती तरी बायका आठवल्या ज्या असंच गप्प राहून कुणाला तरी सांभाळत आल्यात.

इथेही जमीन आणि पैसा आहेच. बाळ्या शेळ्या राखतो, मिळेल ते काम करतो, आणि त्याच्या घरच्यांना त्याचं लग्न हवंय. दोघांनी एकत्र राहायचं म्हटलं तर कुठे, कशाच्या जोरावर, हा प्रश्न सिनेमा मोठ्याने विचारत नाही पण सतत हवेत असतो. मुंबईचं एवढंसं घर आणि गावातलं भाऊबंदांनी वेढलेलं घर, दोन्हीकडे एकांत नाही. म्हणून ते दोघं रानात, झाडाखाली भेटतात तेव्हा तो निव्वळ सुंदर शॉट राहात नाही, त्यांना दुसरी जागाच नाहीये. समलिंगी प्रेमावरचे बहुतेक सिनेमे मोठ्या फ्लॅटमध्ये घडतात, हा शेतात घडतो आणि त्यामुळेच मला तो जास्त खरा वाटला. कुटुंबाबरोबर बघा, काही अवघड होत नाही.

कोर्ट मी पूर्वी अर्धा बघून सोडला होता, या वेळी शेवटपर्यंत बघितला आणि लगेच दुसऱ्या दिवशी परत लावला. चैतन्य ताम्हाणेंचा, 2014 ला व्हेनिसला पुरस्कार, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक, हे सगळं माहीत असतं. गोष्टही माहीत असते, नारायण कांबळे नावाचे लोकशाहीर, त्यांच्या गाण्यामुळे एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली असा आरोप. वीरा साथीदारांनी ते केलंय. नागपूरचे कार्यकर्ते, 'विद्रोही' या नियतकालिकाचे संपादक, 2021 च्या एप्रिलमध्ये कोविडने गेले. स्टेजवर त्यांना गाताना बघताना आता जीव तुटतो.

पण माझ्या डोक्यात जे बसलंय ते कोर्टाच्या बाहेरचं. बचावाचे वकील व्होरा खाऊनपिऊन सुखी, सुपरमार्केटमधून चीज आणि वाइन घेऊन गाडीने घरी जातात. सरकारी वकील बाई, गीतांजली कुलकर्णींनी केलेल्या, लोकलने घरी जातात, वाटेत मुलाला पाळणाघरातून घेतात, घरी येऊन स्वयंपाक करतात, आणि याच बाई कोर्टाच्या आवारात म्हणतात की द्या एकदाची वीस वर्षं आणि संपवा. आपण आधी त्यांच्यावर चिडतो आणि मग त्यांचा तो स्वयंपाक बघितला की चिडणं अवघड होतं, आणि मग जास्त भीती वाटते, कारण ही कुणी दुष्ट बाई नाही, दमलेली बाई आहे, आणि तिच्या दमण्यात कुणाचं तरी आयुष्य तुरुंगात जातंय. आणि त्या मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष! तो गटारात उतरायच्या आधी खडा टाकायचा आणि झुरळ बाहेर येतंय का बघायचा, आलं तर आत हवा आहे असं समजायचं. हे ती बाई इतक्या सपाट आवाजात सांगते. नंतर वकील तिला गाडीतून सोडायला जातात, मदत देऊ करतात, तर ती विचारते की तुमच्याकडे काही काम असेल का. आख्ख्या सिनेमात आरोप, कलमं, तारखा यांवर तासनतास बोललं जातं आणि तिच्या पोटापाण्याचा प्रश्न त्या गाडीत एका वाक्यात येतो आणि जातो. माझ्यासाठी हा मराठीतला गेल्या काही दशकांतला सर्वोत्तम सिनेमा आहे आणि हे मी पूर्ण विचार करून लिहितोय.

द डिसायपल त्याच दिग्दर्शकाचा, 2020 चा, नेटफ्लिक्सवर आहे. शरद नेरुळकर, शास्त्रीय गायक व्हायचंय, आदित्य मोडक या खऱ्या गायकाने तो केलाय आणि गुरुजी झालेत पं. अरुण द्रविड. रात्री रिकाम्या रस्त्यावरून बाइकवर जाताना कानात गुरुजींच्या गुरू माईंची व्याख्यानं, तो आवाज सुमित्रा भावेंचा. सिनेमा नेटफ्लिक्सवर आला त्याच्या थोडेच दिवस आधी भावे गेल्या. साधना, त्याग, लोकांना खूश करायला गायचं नाही, असं तो आवाज सांगत राहतो आणि शरद आजीच्या घरात राहतो, जुन्या रेकॉर्डिंगच्या सीडी करायचं आणि विकायचं काम करतो, म्हाताऱ्या गुरुजींचं दुखणंखुपणं बघतो. चाळिशीपर्यंत दुसऱ्या कशाचा विचार करू नकोस, हे ऐकायला भारी वाटतं, पण चाळिशीपर्यंत जेवायला कोण घालणार? आणि चाळिशी आल्यावर कळलं की आपल्यात तेवढी प्रतिभा नाही, तर? सिनेमा हा प्रश्न विचारायला घाबरत नाही. माझे काही मित्र संगीतात आहेत, त्यातल्या एकाने हा सिनेमा अर्ध्यावर बंद केला, सहन होईना म्हणाला. मला ते पटलं. क्लासला येणाऱ्या मुलाला फ्यूजन बँडमध्ये गायचंय म्हटल्यावर शरद ज्या पद्धतीने तोडून बोलतो तिथे त्याचं सगळं हरलेपण बाहेर येतं. आवडलं नाही ते म्हणजे बायकोचं पात्र, ती जवळजवळ नाहीच, आणि या माणसाबरोबर संसार करणाऱ्या बाईचा हिशोब काय असेल हे मला बघायचं होतं. शेळके किंवा बोराडे असते तर त्यांनी गोष्ट तिच्याकडूनच सांगितली असती असं राहून राहून वाटतं.

सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर, वाचायची सवय मोडली असेल त्यांनी बनगरवाडी घ्यावी, एका रविवारात होते. मग पाचोळा. धग मात्र सुट्टी काढून वाचा, प्रवासात तुकड्या तुकड्यांनी नको. सिनेमांत आधी स्थळ, घरातल्या मोठ्यांबरोबर, आणि नंतर त्यावर जे बोलणं होईल ते होऊ द्या. कोर्ट बघताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, त्यात पार्श्वसंगीत तुम्हाला महत्त्वाचा क्षण आला म्हणून सांगणार नाही, मान खाली गेली की गेलंच.

पुढची कादंबरी म्हणून सदानंद देशमुखांची बारोमास काढून ठेवलीय, 2004 चा साहित्य अकादमी मिळालेली, परत विदर्भ आणि परत शेती. पण मला खरं तर आता शहरातली अशी गोष्ट हवीय. म्हणजे पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅट घेतलेलं जोडपं, पगार किती, हप्ता किती, शाळेची फी किती, गावाकडे आईवडिलांना किती पाठवतात आणि त्यावरून घरात काय काय होतं हे धगच्या कसाने लिहिलेली कादंबरी. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठीत अशी कुणी लिहिली असेल आणि माझ्या नजरेतून सुटली असेल तर कृपया नाव सांगा, बारोमास बाजूला ठेवून आधी ती वाचेन.